टोकाच्या दोन स्लाइस

ब्रेडच्या पुड्यातल्या टोकाच्या दोन स्लाइस कुणाच्या, हा प्रश्न आपल्या घरात कधी कुणी विचारतं का? वरची एक आणि तळाची एक. एका अंगाने पांढरी, दुसऱ्या अंगाने पूर्ण तपकिरी. मुलं पुडा उघडतात, वरची स्लाइस अलगद बाजूला सारतात, मधल्या चार काढून घेतात आणि ती टोकाची पुन्हा झाकणासारखी वर ठेवून देतात. घरातली मोठी माणसंही तेच करतात. असं करता करता पुडा संपतो आणि पिशवीच्या तळाशी ती दोन टोकं, सोबत एखाददुसरी मधली स्लाइस, एवढं उरतं. त्यांचं पुढे काय होतं हे घरातल्या बहुतेकांना माहीत नसतं. माहीत असतं ते फक्त स्वयंपाकघर सांभाळणारीला.

आमच्या घरी, हुडकेश्वरला, मागे एका पावसाळ्यात या स्लाइसवरून चांगलाच खटका उडाला. सकाळचे अकरा वाजले असतील. डबे गेले होते, धुणंभांडी आटोपली होती. चहासोबत काहीतरी हवं म्हणून मी ब्रेडची पिशवी काढली. पुडा पाच दिवसांपूर्वीचा. आत तीन स्लाइस. त्यांतल्या एकीच्या कोपऱ्यावर मुगाच्या दाण्याएवढा हिरवट ठिपका. मी तो नखाने खुडून टाकला, तिन्ही स्लाइस तव्यावर शेकल्या आणि चहात बुडवून खायला बसले. तेवढ्यात कॉलेजला सुटी असलेली मुलगी आत आली.

"आई, काय खाऊन राहिली तू हे? बुरशी आहे त्याला."

"एवढीशी होती, काढून टाकली. अन्न फेकून द्यायचं का मग?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तर मग सकाळी मला का नाही दिलं यातलं? माझ्यासाठी तर तू नवा पुडा फोडला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने बशी उचलली आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. अन्न टाकलं म्हणून मी चिडले, बिमार पडशील म्हणून ती चिडली. दोन दिवस आम्ही मायलेकी कामापुरतंच बोललो.

राग ओसरल्यावर लक्षात आलं की भांडणात आम्ही दोघीही बरोबर होतो. बुरशी आलेलं खाऊ नये, हे तिचं म्हणणं खरं. अन्न फेकू नये, हे माझं म्हणणंही खरं. चूक त्या दिवशी झालीच नव्हती. ती तीन दिवस आधी झाली होती, जेव्हा त्या स्लाइस नुसत्या शिळ्या होत्या आणि आम्ही सर्वांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला होता. तिसऱ्या दिवशी त्यांचा चुरा करून ठेवला असता, तर पाचव्या दिवशी खायचं की फेकायचं, हा पेचच पडला नसता. ब्रेडचा चुरा, म्हणजे बाजारात 'ब्रेडक्रम्स' म्हणून पाकिटात मिळतो तोच. या एवढ्याशा गोष्टीवर रविवारची सकाळ खर्च करावी का, असं कुणाला वाटेल. पण या चुऱ्यामागे आपल्या घरांचा एक जुना हिशेब दडलेला आहे, आणि तो एकदा मांडायला हवा.

मराठी घराला शिळ्याचं वावडं कधीच नव्हतं. रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी कांदा-मिरची घालून कुस्करा व्हायचा, नाहीतर तूप-गूळ घालून लाडू वळले जायचे. भात उरला तर फोडणीचा भात. भाकर उरली तर ताकात कुस्करून, वर तिखट आणि कच्चा कांदा. श्रावणात शिळासप्तमीला तर चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेलंच खायचं, असा रिवाज. आपल्या आयाआज्यांच्या डोक्यात 'शिळं' आणि 'नासलेलं' हे दोन वेगळे कप्पे होते. भाताला तार सुटली, वरणाला फेस आला, भाजीला आंबूस वास आला, की ते नासलं. तिथे दयामाया नाही. पण नुसती रात्र उलटली म्हणून पोळी वाईट ठरत नसे. ती दुसऱ्या रूपात जायला तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ. ही पारख कुणी वहीत लिहून ठेवली नव्हती. ती नाकात आणि बोटांत होती, आणि सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे आपोआप जात होती.

ब्रेडच्या बाबतीत मात्र ही पारख आपल्याकडे आलीच नाही. कारण ब्रेड आपल्या घरात फार उशिरा आला, आणि आला तोही पाहुण्यासारखा. पाव पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला, त्याचं नावही त्यांच्याच भाषेतून घेतलेलं. गोव्यात पोदेर सकाळ-संध्याकाळ सायकलवरून ताजा पाव घेऊन दारात येतो, त्यामुळे तिथल्या घरांना पावाची लहर नीट ठाऊक आहे. आमच्या नागपूरकडे जुनी माणसं त्याला 'डबलरोटी' म्हणत. माझ्या लहानपणी डबलरोटी घरात आली की समजावं, कुणीतरी तापाने पडलं आहे. दुधात बुडवून आजाऱ्याला द्यायची ती चीज. केंद्र सरकारने १९६५ साली ऑस्ट्रेलियाच्या मदतीने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कारखान्यातला कापलेला ब्रेड शहरोशहरी पोचू लागला. ही कंपनी २००० साली हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. तोवर ब्रेड आजाऱ्याच्या उशाजवळून उठून रोजच्या न्याहारीला येऊन बसला होता. आज आमच्या भागात म्हाळगीनगर चौकापासून आत हुडकेश्वरपर्यंत कुठल्याही किराणा दुकानात पहाटे ब्रेडच्या जाळ्या उतरताना दिसतात. हुडकेश्वर आणि नरसाळा २०१३ साली महापालिकेच्या हद्दीत आले. त्याआधीही ब्रेड आला होताच. रस्ते आणि नळ मागाहून आले.

थोडक्यात, ब्रेड आला, पण शिळ्या ब्रेडचं करायचं काय हे शहाणपण त्याच्यासोबत आलं नाही. पोळीला आपण कुस्कऱ्याचं माहेर दिलं. ब्रेडला काहीच दिलं नाही.

जिथे पाव हेच मुख्य अन्न आहे, तिथल्या लोकांनी ही सोय कधीच करून ठेवली आहे. इटलीच्या दक्षिणेकडे गरिबाला चीज परवडत नसे. तिथल्या बायका शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्हच्या तेलात लसणासोबत खमंग परतून पास्त्यावर भुरभुरत. आजही भुरभुरतात, आणि आता तो पदार्थ हौसेने खाल्ला जातो. जपानी लोक कटलेटला लावतात त्या जाडसर चुऱ्याला 'पान्को' म्हणतात. त्यातला 'पान' पोर्तुगिजांनीच जपानला नेला, आणि 'को' म्हणजे पीठ. म्हणजे आपला पाव आणि जपानी पान्को हे एकाच आजोळचे. आपल्या शेजारी हैदराबादला डबलरोटीचे तुकडे तुपात तळून, दूध-साखरेत मुरवून 'डबल का मीठा' करतात आणि तो लग्नाच्या पंगतीत वाढतात. आपल्यातल्या कित्येकांची चुऱ्याशी पहिली ओळख झाली ती रेल्वेच्या डब्यात. आगगाडीतलं ते लंबगोल, तपकिरी कटलेट आणि सोबत ब्रेडच्या दोन स्लाइस. वरचं कुरकुरीत आवरण त्याच ब्रेडच्या भावंडांचं आहे, हे खाताना आपल्या कधी ध्यानात आलं नाही.

आता ब्रेड शिळा होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. आपल्याला वाटतं, तो वाळतो. तसं नाही. बुसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिलं की पाव हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतोच. आणि गरम केला की पुन्हा मऊ होतो. कारण पुढे उलगडलं. पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. पाव निवला की तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतो. म्हणून पाव कडक आणि भुसभुशीत लागतो. साधारण ६० अंशांपर्यंत तापवला की ही घडी पुन्हा मोडते, म्हणूनच शिळी स्लाइस तव्यावर तात्पुरती ताजी होते. गंमत अशी, की फ्रिजमधल्या थंडीत हे घट्ट होणं आणखी वेगाने होतं. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला तर बुरशी उशिरा येते, पण तो शिळा लवकर होतो. शिळेपणाही थांबवायचा असेल तर फ्रीझरमध्येच ठेवायला हवा.

नासणं ही याहून अगदी वेगळी गोष्ट. तिथे बुरशीचं काम असतं, आणि बुरशीला ओल लागते. पाकिटातल्या ब्रेडमध्ये तिला लांबवण्यासाठी बहुधा कॅल्शियम प्रोपिओनेट घातलेलं असतं. पुड्यावर बारीक अक्षरांत २८२ हा आकडा दिसतो तो हाच. पण पावसाळ्यातल्या दमट हवेत, पिशवीच्या आत घाम धरला, की त्याचाही फार काळ इलाज चालत नाही. आणि आपल्याला दिसतो तो हिरवा किंवा काळा ठिपका म्हणजे बुरशीचं फूल समजा. तिची बारीक मुळं त्याआधीच मऊ पावात आतवर पसरलेली असतात. म्हणून ठिपका खुडून काही साधत नाही. काही बुरशी जे विष तयार करतात ते तव्यावर भाजूनही जात नाही. एका स्लाइसवर ठिपका दिसला की पिशवीतल्या सगळ्याच स्लाइस टाकाव्यात, आणि नाकाशी नेऊन वास घेत बसू नये. त्या दिवशी मी केलं ते, सांगायचं तर, काटकसर नव्हे, निव्वळ हट्ट होता.

म्हणजे ब्रेडला शिळं होण्यापासून नासण्यापर्यंत दोन-तीन दिवसांची उसंत असते. करायचं ते या उसंतीत करायचं. आणि करायचं तरी काय, तर त्यातली ओल काढून घ्यायची. आपण पापड, कुरड्या, खारोड्या, सांडगे करतो, ते याच सूत्रावर. ओल गेली की बुरशीला थारा नाही. ब्रेडचा चुरा म्हणजे आपल्या वाळवणातलंच एक नवं नाव.

कृती अगदी साधी आहे. दोन-तीन दिवसांच्या स्लाइस, टोकं, सँडविचच्या कापलेल्या कडा, उरलेले पाव, सगळं चालतं. मात्र लोणी किंवा भाजी लागलेले तुकडे घेऊ नयेत, चुरा लवकर खवट होतो. गोडसर पाव वेगळा ठेवावा. तो पटकन करपतो. पोळ्या झाल्यावर तवा गरम असतोच. आच बारीक करून त्यावर स्लाइस मांडाव्यात आणि अधूनमधून उलटाव्यात. दहा-बारा मिनिटांत त्या टोस्टसारख्या कडक होतात. ओव्हन असेल तर १३० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आमच्या नागपूरला मे महिन्यात तेही लागत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गच्चीवर कुरड्यांशेजारी, मलमलीच्या फडक्याखाली तुकडे पसरले की दुपारभरात खडखडीत वाळतात. पावसाळ्यात मात्र उन्हाच्या भरवशावर राहू नये, तवाच बरा. परीक्षा एकच: तुकडा मोडताना 'कट्' असा आवाज आला पाहिजे. वाकला तर ओल आहे.

मग पूर्ण निवू द्यायचं. इथे घाई केली की मिक्सरमध्ये वाफ धरते आणि चुऱ्याचे गोळे होतात. निवल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. सपिटासारखा बारीक करू नये, जाड रव्याएवढा ठेवावा. मिक्सर नको असेल तर फडक्यात बांधून लाटणं फिरवलं तरी चालतं. चाळून घेतलं की खालचा बारीक चुरा टिक्कीत घालायला आणि वरचा जाडसर बाहेरून घोळवायला, असे दोन भाग होतात. ब्रेडमध्ये निम्म्याहून थोडं कमी, साधारण एक-तृतीयांशाहून जरा जास्त पाणी असतं. त्यामुळे शंभर ग्रॅम ब्रेडचा सुमारे ६५ ते ७० ग्रॅम चुरा होतो. कोरड्या काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून, महिनाभर सहज टिकतो; फ्रीझरमध्ये ठेवला तर त्याहून जास्त. बरणीवर तारीख लिहून चिकटवावी आणि ओला चमचा घालू नये.

उपयोग सांगावे तितके थोडे. उकडलेल्या आलूच्या टिक्क्या तेलात फुटतात, कारण आलूत पाणी जास्त असतं. त्यात दोन चमचे बारीक चुरा मिसळला तर तो ते पाणी शोषून घेतो. वरून मैद्याच्या किंवा कॉर्नफ्लोअरच्या पातळ घोळात बुडवून जाड चुऱ्यात घोळवावं, पंधरा-वीस मिनिटं ताटात तसंच राहू द्यावं, मग तळावं. आवरण नीट चिकटतं. आतलं शिजलेलंच असतं आणि चुराही आधीच भाजलेला असतो, म्हणून फार वेळ तळायची गरज नाही. रंग आला की काढायचं. वांग्याचे, सुरणाचे काप आपण रव्यात घोळवतो, ते चुऱ्यात घोळवून पाहावेत. रस्सा पातळ झाला तर चमचाभर चुरा त्याला दाट करतो. आणि इटलीतल्या बायकांसारखा लसूण-तिखट घालून तेलात परतलेला चुरा दोडक्याच्या किंवा पत्ताकोबीच्या सुक्या भाजीवर घालून पाहा. जी मुलं त्या भाजीकडे वळून पाहत नाहीत, ती ताट पुसून उठतात, हा घरचा अनुभव आहे.

एवढं सगळं केलं तर वाचतं किती? प्रामाणिकपणे हिशेब मांडू. आठवड्याला चार स्लाइस वाया जात असतील, तर ते साधारण शंभर ग्रॅम. वर्षाला पाच किलो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २०२२ या वर्षात जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज दिला आहे. त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, तर घराघरांतून गेलं. भारतासाठीचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो, म्हणजे चौघांच्या घरात २२० किलो. त्यात आपले पाच किलो म्हणजे काहीच नाही, असं म्हणता येईल. पण २२० किलो काही एका दिवसात जात नाहीत. ते असेच जातात: चार स्लाइस, वाटीभर भात, अर्धी जुडी सांबार. ज्या घरात टोकाच्या स्लाइसकडे लक्ष जातं, त्या घरात सांबाराच्या जुडीकडेही जातं.

टाकलेला ब्रेड जातो कुठे, हेही पाहायला हवं. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. आपण मात्र ब्रेड त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट गाठ मारून टाकतो, तो ओल्यातही बसत नाही आणि सुक्यातही. मग तो आमच्या शहराच्या भांडेवाडीच्या डोंगरावर जाऊन कुजतो. कुणी म्हणतं, आम्ही टाकत नाही, गाईला घालतो. रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या अशा पुण्याच्या पिशव्या आमच्या भागात रोज दिसतात. गाय ब्रेडसोबत पिशवीही गिळते, आणि ते प्लॅस्टिक तिच्या पोटात साचत जातं. मैद्याचे पदार्थ एकदम जास्त खाल्ले तरी रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं आणि ते आजारी पडतं. आपल्या मनाची टोचणी घालवण्यासाठी मुक्या जनावराला कचराकुंडी करण्यात कसलं पुण्य?

पण माझ्या मते या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती माझ्या लेकीच्या प्रश्नात होती. मला का नाही दिलं? शिळं आपल्या घरात वाया जात नव्हतं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते खात कोण होतं? कुस्करा सगळ्यांसाठी व्हायचा, हे खरं. पण जे कुस्कऱ्याइतकं नव्हतं, ती एक पोळी, ती तळाची भाजी, तो कालचा घासभर भात, ते घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच खायची. माझ्या सासूबाई असंच जेवायच्या. मी सून म्हणून आले तेव्हा मला त्यात त्याग दिसला, आणि पुढे केव्हा मीही तशीच जेवू लागले हे कळलंसुद्धा नाही. याला कुणी जुलूम म्हणणार नाही. कुणी सक्ती केलेली नसते. 'मला चालतं' असं आपणच म्हणतो. पण मुलांना चालत नाही ते आईला का चालावं? आणि ते पाहून वाढलेली मुलगी पुढे आपल्या घरी काय करेल? माझ्या लेकीने बशी डब्यात ओतली तेव्हा तिने अन्नाचा अपमान केला असं मला वाटलं होतं. आता वाटतं, तिला जे रुचलं नाही ते माझं असं एकटीने, चोरून खाणं होतं.

चुऱ्याची खरी गोडी मला इथे वाटते. शिळ्या स्लाइस या अडगळ असतात आणि त्या कुणातरी एकाच्या वाट्याला येतात. त्यांचा चुरा होऊन टिक्की झाली की ती ताटात सगळ्यांच्या येते. शिळ्याला वेळेत रूप दिलं तर ते घराचं होतं. नाही दिलं तर कचऱ्याचं होतं, नाहीतर आईचं.

यावर एक आक्षेप मैत्रिणींकडून लगेच येईल, आणि तो रास्त आहे. आधीच कामांची कमी आहे का, की आता ब्रेडचा चुराही बाईनेच करायचा? पाकीट विकत आणलं की झालं. हे खरं आहे. चुरा हे बाईच्या कामांच्या यादीत वाढलेलं आणखी एक काम होणार असेल, तर न्याय कसला झाला? म्हणून आमच्या घरी नियम केला तो असा: जो नवा पुडा उघडेल, त्याने आधी जुन्यातल्या स्लाइस काढून तव्यावर ठेवायच्या. मग तो कुणीही असो. नियम कागदावर सोपा, अमलात अवघड. पहिला महिनाभर जुना पुडा संपवायच्या धाकाने कुणी नवा उघडेचना, आणि आमच्याकडे ब्रेडच कमी आणावा लागला. एका अर्थी हाही फायदाच म्हणायचा. वाया जाणारं कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कमी आणणं, हे त्यातून कळलं. पुढे हळूहळू सवय लागली. बडबड न करता, दिवाणखान्यात भाषण न देता लागली, म्हणून टिकली.

कुणी असंही म्हणेल, की मुळात मैद्याचा ब्रेड खायचाच कशाला, पोळी-भाकर काय वाईट? काही वाईट नाही. पण ज्या घरात सकाळी सातला दोघं कामावर आणि दोघं शाळा-कॉलेजला निघतात, तिथे ब्रेड राहणार. तो राहणार असेल तर आपल्या रीतीने राहावा. टोमॅटो, साबुदाणा, आलूसुद्धा एकेकाळी आपले नव्हते. आज आलूशिवाय उपास होत नाही. परका पदार्थ घरचा कधी होतो? तो ताजा असताना आवडतो तेव्हा नाही. तो शिळा झाल्यावर त्याचं काय करायचं हे आपल्याला कळतं, तेव्हा.

आमच्या ओट्यावरच्या फळीवर आता एक बरणी असते. तिच्यावरची तारीख माझ्या लेकीच्या अक्षरात असते. आठवड्यापूर्वीची असली की रविवारी संध्याकाळी टिक्क्या होतात. तळणारा कुणीही असो, मी ताट घेऊन सगळ्यांबरोबर बसते. सुरुवातीला ओट्यापाशी पाय घुटमळायचे. आता बसते.

परवा सकाळी धाकट्याने नवा पुडा उघडला. सवयीने त्याने वरची टोकाची स्लाइस बाजूला सारली आणि मधल्या चार काढून घेतल्या. मी काही बोलले नाही, नुसतं पाहत होते. ती स्लाइस त्याने झाकणासारखी परत ठेवली नाही. तव्याशेजारी ठेवलेल्या ताटलीत ठेवली, आणि पळाला.